जुन्या फेल्ट हॅटला नवा आकार द्यावा की आहे तशीच ठेवावी?

हडसनकाठ:
इथे अमेरिकेत आल्यापासून जुन्या फेल्ट हॅट्स (फेल्ट म्हणजे लव किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड) आणून नीट करायचा नाद लागलाय, आणि परवा एका संग्राहकाशी त्यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे मांडतोय. हॅट १९५० च्या आसपासची स्टेटसन या अमेरिकन कंपनीची, क्राऊन (डोक्यावरचा उंच भाग) पार चेपलेला, ब्रिम (भोवतीची कड) वेडीवाकडी झालेली. मी ती वाफेवर धरली, क्राऊन आधी पूर्ण गोल उघडला, मग मधली घडी आणि पुढचे दोन चिमटे नव्याने घातले. त्यांचं म्हणणं, जुनी घडी पुसली म्हणजे हॅटच संपवलीत.

मला हे अजिबात पटत नाही. सशाच्या नाहीतर बीव्हरच्या लवीचं फेल्ट वाफेत मऊ पडतं आणि गार झालं की दिलेला आकार धरतं, परत वाफ दिली की परत मऊ. त्या मालाचा गुणच तो आहे. स्टेटसनची १८६५ ची पहिली गाजलेली हॅट, बॉस ऑफ द प्लेन्स, वरून गोल आणि सपाट ब्रिमचीच विकली जायची, घालणारे लोक आपापल्या हिशोबाने तिला घड्या पाडायचे. पुढेही दुकानदार गिऱ्हाइकासमोर वाफेवर हॅट धरून पाहिजे तशी घडी घालून द्यायचे, आणि हॅट धुऊन परत ब्लॉकवर (लाकडी साच्यावर) चढवून देणारी दुकानं गावोगाव होती. म्हणजे पहिला मालक जिवंत असतानाच तिचा आकार बदललेला असू शकतो, मग 'मूळ' घडी म्हणायचं कशाला? खोक्यात चेपून पडलेल्या हॅटपेक्षा डोक्यावर चढलेली हॅट मला जास्त खरी वाटते.

जुनं_ठेवा:
वाफेपर्यंत ठीक आहे, पण गाडी तिथे थांबत नाही हो. चाळिशीच्या दशकातली रुंद ब्रिमची चांगली हॅट घेतात, ब्रिम कापून अरुंद करतात, रिबन काढून नवी लावतात, कडक झालेला स्वेटबँड (आतला चामड्याचा पट्टा) फेकतात आणि 'रिस्टोअर केली' म्हणून विकतात. कापलेली ब्रिम परत येते का? कॅव्हना एज नावाचा एक काठ असतो, टाका न घालता फेल्टचीच कड दुमडून फेल्टमध्येच जिरवलेली, ते काम बघताना हात थरथरतो आणि लोक त्यावर कात्री चालवतात!

आणि स्वेटबँडच्या मागे काय काय असतं ते बघा आधी. साइजची चिठ्ठी, युनियनचं लेबल. १९३४ ला हॅट कामगारांच्या दोन संघटना एक झाल्या, त्यामुळे लेबलवर कुठलं नाव आहे त्यावरून हॅट आधीची की नंतरची ते कळतं. तो बँड फेकला की हॅटचं वयच गेलं. स्टेटसनचा फिलाडेल्फियाचा कारखाना १९७१ ला बंद झाला, तिथली हॅट आता नव्याने कुठून आणणार? घडीचंही तेच आहे, चिमट्यावर जिथे मालकाची बोटं वर्षानुवर्षं लागली तिथे फेल्ट काळपट आणि पातळ झालेलं असतं, ती त्या माणसाची एकमेव खूण उरलेली असते, ती मी तरी पुसणार नाही.

मी_सातारी:
@जुनं_ठेवा, तुम्ही कात्रीचा राग वाफेवर काढताय. वाफेची घडी उद्या परत बदलता येते, कापणं परत फिरत नाही, ही दोन कामं एका मापाने मोजू नका ना.

आमच्याकडे आजोबांची लंडनच्या ख्रिस्टीजची फेल्ट हॅट आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती नुसती 'जपून' ठेवली तर बुरशी धरते आणि कसर लागते, म्हणजे हात न लावणं हाही एक निर्णयच झाला आणि त्याचं नुकसान दिसतंच. मी दर काही दिवसांनी काढून मऊ ब्रशने घासतो आणि वारा लागू देतो. आता ब्रिम सरळ करायची आहे. एवढं माहीत आहे की वाफेआधी स्वेटबँड बाहेर उलटायचा, नाहीतर चामडं आवळतं आणि हॅट डोक्यात बसत नाही. बाकी काही सांभाळायचं असेल तर सांगा.

केमिस्ट्रीवाली:
सातारीभाऊ, थांबा, वाफ अजिबात देऊ नका!! इतकी चर्चा झाली आणि पाऱ्याचं कोणीच बोललं नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतंय. सशाची लव एकमेकींत नीट गुंतावी म्हणून ती आधी मर्क्युरिक नायट्रेट या पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने प्रोसेस करायचे, टोकं नारिंगी पडायची. कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं गाव, तिथल्या कामगारांचे हात कापायचे, 'डॅनबरी शेक्स' म्हणायचे त्याला, माणसं आयुष्यातून उठली. अमेरिकेत हा वापर १९४१ च्या शेवटी बंद झाला. पण फेल्टमध्ये बसलेला पारा तिथेच राहतो, म्युझियमवाले अशा हॅट्स एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी आतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) तपासतात आणि हातमोज्यांशिवाय धरत नाहीत. उष्णतेने तो जास्त उडतो, आणि तुम्ही बंद स्वयंपाकघरात किटलीवर तोंड वाकवून उभे!

शिवाय १९४१ ची रेघ अमेरिकेपुरती आहे, आजोबांच्या विलायती हॅटला ती लावू नका. कसरीची भोकं बुजवायला सँडपेपरने फेल्टची भुकटी काढतात तेही नको, ती भुकटी नाकात जाते. लोकरीच्या फेल्टला ही प्रक्रिया लागत नाही, पण हातात धरून फेल्ट लोकरीचं की लवीचं हे ओळखायची खात्री नसेल तर लवीचंच समजा.

हडसनकाठ:
ताई, पटलं. म्हणून मी दुसऱ्या महायुद्धाआधीची हॅट घेतच नाही, आणि वाफ गॅलरीत देतो, घरात नाही. पण त्यावरून युद्धानंतरच्या हॅट्सनाही हात लावू नका असं होत नाही. @जुनं_ठेवा, ब्रिम कापणाऱ्यांच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही, घडी मात्र मी बदलणार.

जुनं_ठेवा:
बदला, मी ती बदलणार नाही, यावर आपलं जमणार नाही. मग निदान वाफेआधी चारी बाजूंनी फोटो काढा, जुनी रिबन सुटी झाली तर आत पिशवीत ठेवा, आणि बँड बदलावाच लागला तर लेबलं जुन्या जागी परत लावा. विकताना घडी नवीन आहे हेही लिहा. सातारीभाऊ, तुम्ही आधी स्वेटबँडच्या मागचा फोटो टाका इथे, छाप वाचता आला तर हॅट कधीची त्याचा अंदाज लागेल. तोवर ब्रिम वाकडीच राहू दे.