हंपीत राजवाडे कुठे गेले?

प्रश्न:
दिवाळीत घरच्यांना घेऊन हंपीला जायचं ठरतंय. फोटो बघताना एक गोष्ट खटकली, विरूपाक्ष, विठ्ठल, हजारराम ही देवळं बऱ्यापैकी उभी आहेत, मग विजयनगरच्या राजांचे वाडे कुठे गेले? तिथे नुसती जोतीच दिसतात. १५६५ नंतर मुद्दाम वाडेच पाडले का?

प्रतिसाद १:
पाडले त्यापेक्षा जळाले जास्त. वाड्यांचं जोतं दगडी आणि वरचे खांब, माड्या, छत सगळं लाकडी, देवळं मात्र बरीचशी ग्रॅनाइटची. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांपुढे विजयनगरचा कारभार बघणारा रामराया मारला गेला, त्याचा भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याला गेला, राजधानी राखायला कोणी उरलंच नाही आणि मग कित्येक महिने लूट नि जाळपोळ. देवळंही सुटली नाहीत हो, १५२९ च्या त्या प्रचंड नरसिंहाच्या मांडीवर लक्ष्मी होती, आज जागेवर नाही, बघून खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद २:
मग कमलमहाल कसा वाचला?

प्रतिसाद १:
तो विटा-चुन्याचा आहे, कमानी आणि घुमटांचा, जळण्यासारखं फारसं नाही. हत्तीखान्याचं पण तेच.

प्रतिसाद ३:
महानवमी डिब्बा, म्हणजे राजांच्या नवरात्रोत्सवाचा उंच दगडी चौथरा, अजिबात चुकवू नका. पोर्तुगीज प्रवासी पाएस कृष्णदेवरायाच्या काळात आला होता, त्याने नवरात्रीचा सोहळा डोळ्यांनी बघून लिहून ठेवलाय. चौथऱ्याच्या बाजूंवर घोडे, शिकार, नाचणाऱ्या बायका कोरल्यात, सावकाश बघा. जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे, ती १९८० च्या दशकात उत्खननात सापडली, तिच्या दगडांवर कुठला दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत आणि पाणी आणणारी दगडी पन्हळ अजून उभी आहे. मला तर हंपीत सगळ्यात भारी हेच वाटतं, लोक दोन मिनिटांत फोटो काढून निघतात.

प्रतिसाद ४:
विठ्ठल मंदिरात सगळी गर्दी ५० च्या नोटेवरच्या दगडी रथापाशी असते, पण गाभाऱ्यापर्यंत जा, तिथे मूर्ती नाही. आपल्याकडे परंपरा अशी की पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. वारकरी घरातल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर भरून येतं.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार! आईला ही भानुदासांची गोष्ट पाठ आहे, तिला विठ्ठल मंदिरात नेणारच. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद ३:
कमलापूरच्या म्युझियमपासून. तिथे अख्ख्या हंपीचं मॉडेल आहे, डोंगर, नदी, देवळं सगळं एकदम कळतं, मग नुसत्या जोत्यांमधून फिरताना कुठे काय होतं ते लक्षात येतं.