‘पीनल कॉलनी’ला मराठीत काय म्हणावं? (रशियन तुरुंगांवरच्या लेखात अडलंय)

भाषांतरवाली
रशियातल्या कैद्यांच्या हक्कांवरचा एक मोठा लेख इंग्रजीवरून मराठीत करते आहे. मी सगळीकडे ‘तुरुंग’ लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून ‘दंडवसाहत’ केलं. मला तो शब्द वाचला की अंदमानच डोळ्यांपुढे येतं. रशियातले विरोधी नेते नवाल्नी कैदेत वारले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत काहींनी ‘आर्क्टिकमधला तुरुंग’ लिहिलं, काहींनी सरळ ‘पीनल कॉलनी’. अडचण अशी की लेखात एकाच परिच्छेदात प्रिझन, कॉलनी आणि डिटेन्शन सेंटर ही तिन्ही येतात, आणि ही तीन वेगळी ठिकाणं आहेत हाच लेखकाचा मुद्दा आहे. सगळ्यांना तुरुंग म्हटलं तर परिच्छेदाला अर्थच उरत नाही. सुचवा.

व्होल्गाकाठ
संपादकांचा ‘दंड’ मूळ रशियनमध्ये नाहीच. तिथला शब्द आहे ‘इस्प्रावीत्येल्नाया कलोनिया’, आणि ‘इस्प्रावीत्’ म्हणजे दुरुस्त करणं, सुधारणं. म्हणजे शब्दशः ‘सुधार वसाहत’. आपल्याकडच्या खात्याचं नाव तरी काय आहे? ‘कारागृह व सुधारसेवा’.

आता फरक सांगतो. खटला चालू असताना माणूस ‘सिझो’त असतो, ते बंद खोल्यांचं ठिकाण. शिक्षा लागली की बहुतेकांना कलोनियात धाडतात. तिथे राहायला कोठड्या नसतात, मोठमोठ्या बराकी असतात. एकेका बराकीत शंभरेक माणसं दुमजली खाटांवर, आणि अशा तुकडीला म्हणतात ‘अत्र्याद’. रोज हजेरी, कामाचे कारखाने, भोवती कुंपण आणि पहारा. ‘त्युर्मा’ म्हणजे खरा कोठड्यांचा तुरुंग, तो शिक्षा झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. सोव्हिएत काळातल्या छावण्यांची रचनाच नाव बदलून चालू राहिली आहे. म्हणून सगळीकडे ‘तुरुंग’ लिहू नका.

माणदेशी
‘वसाहत’ला माझा सक्त विरोध. मी आटपाडीचा. आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे, तिला सगळे ‘कैद्यांची वसाहत’ म्हणतात. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने ती सुरू केली. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. कुंपण नाही, बंदूकवाला पहारा नाही. लहानपणी आम्ही त्यांच्याकडून भाजी आणायचो आणि कोणालाही त्यात वावगं वाटायचं नाही. आमच्या भागातल्या माणसाला ‘वसाहत’ हा शब्द असा माहीत आहे. रशियातल्या मोर्दोव्हियातल्या किंवा नवाल्नी होते त्या खार्पमधल्या कलोनियाला तोच शब्द लावणं म्हणजे त्या जागेचा क्रूरपणा झाकणं.

सोलापूरकर
माणदेशी, तुमच्या गावाचा शब्द तुमच्या गावापुरता. आमच्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ आहे. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबलं होतं. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर परवाना. १९५२ ला कायदा उठला, पण त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. माझ्या आजोबांची पिढी तिथली. जन्मावरून गुन्हेगार ठरवून माणसाला ‘सुधारायला’ कुंपणात ठेवणं, ही वसाहतही मराठीच आहे. त्यामुळे वसाहत म्हटलं की क्रूरपणा झाकला जातो, हे मला पटत नाही. आम्हाला तर तो आधी दिसतो.

व्होल्गाकाठ
दोघांचंही बरोबर आहे, कारण रशियनमध्येही दोन प्रकार आहेत. कुंपण-पहाऱ्याची ती कलोनिया आणि त्याहून सौम्य ती ‘कलोनिया-पसिल्येनिये’. या दुसरीत कैदी देखरेखीखाली मोकळे फिरतात, परवानगी मिळाली तर घरच्यांबरोबर राहूही शकतात. स्वतंत्रपूरच्या जवळ जाईल ती ही. एकीला ‘वसाहत’ वापरून टाकलं तर दुसरीला काय ठेवणार?

मराठीनिष्ठ
‘बंदिवसाहत’ आणि ‘खुली बंदिवसाहत’. प्रश्न मिटला. सिझो, अत्र्याद, बराक असले शब्द मराठीत ओतायची गरज नाही. सिझोला ‘अन्वेषण विलगनालय’ म्हणा.

वकीलबाई
‘अन्वेषण विलगनालय’ कोणत्या कैद्याची आई वाचेल? मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमच्याकडे शब्द तयार आहे, कच्चा कैदी. सरकारी कागदावर न्यायाधीन बंदी. सिझो म्हणजे कच्च्या कैद्यांचा तुरुंग, एवढं वाक्य पुरे.

आणि हा फरक लेखात ठसठशीत यायलाच हवा, कारण रशियात सगळ्यात वाईट हाल कच्च्या कैद्यांचेच होते. कालाश्निकोव्ह नावाच्या रशियन कैद्याचा खटला वाचा. मगदानच्या सिझोत साधारण १७ ते २० चौरस मीटरची खोली, ८ खाटा आणि कधीकधी २४ माणसं. झोपायच्या पाळ्या लावलेल्या, दिवा रात्रंदिवस चालू, संडास त्याच खोलीत. माणूस जवळजवळ पाच वर्षं कच्चा होता. २००२ साली स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, याला मानहानीकारक वागणूक ठरवलं. मुद्दाम छळायचा हेतू नव्हता, पैसे नव्हते, असं सरकार म्हणत होतं, तरीही. हे मी आमच्याकडच्या तुरुंगातली गर्दी रोज बघून लिहिते आहे.

भाषांतरवाली
वकीलबाई, ‘कच्चा कैदी’ घेतला. लेखात पुढे असंही आहे की २०१८ पासून सिझोतला एक दिवस शिक्षेत दीड दिवस धरतात.

व्होल्गाकाठ
हो, सर्वसाधारण कलोनियाची शिक्षा असेल तर दीड आणि खुल्या वसाहतीची असेल तर दोन. कडक प्रकारच्या कलोनियाला मात्र दिवसाला दिवस. सिझोत राहणं ही शिक्षेपेक्षा मोठी शिक्षा आहे, याची ही कायद्यानेच दिलेली कबुली.

सुधारणा अगदीच झाल्या नाहीत असं नाही, तेही लेखात यावं. रशिया १९९६ ला युरोप परिषदेत गेला आणि त्या वेळच्या अटींमुळे १९९८ साली तुरुंग पोलिसांच्या मंत्रालयाकडून न्याय मंत्रालयाकडे गेले. २००० च्या सुमारास दहा लाखांवर माणसं आत होती, तो आकडा पुढे निम्म्याखाली आला. २००८ च्या कायद्याने नागरिकांच्या देखरेख समित्या तुरुंगात जाऊ लागल्या, पण हळूहळू त्यांत निवृत्त गणवेशवालेच भरले गेले. वालेरी अब्रामकिन स्वतः सोव्हिएत छावणीत सहा वर्षं काढून आला आणि उरलेलं आयुष्य त्याने तुरुंग सुधारण्यात घालवलं. त्याच्याबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि १६ सप्टेंबर २०२२ पासून रशिया युरोपीय मानवी हक्क कराराच्या बाहेर आहे. नवा कालाश्निकोव्ह आता स्ट्रासबुर्गला जाऊ शकत नाही.

गिरगावकर
अवांतर: ‘तुरुंग’ तरी कुठे मराठी आहे? पोर्तुगीज ‘त्रोंकु’, म्हणजे झाडाचं खोड. त्यात पाय अडकवून माणसाला ठेवायचे. आपला ‘खोडा’ही तसाच खोडावरून आलेला. दोन भाषांनी एकाच लाकडावरून कैदेचा शब्द घडवला. रशियन ‘कातर्गा’ म्हणजे सक्तमजुरी, तो ग्रीकमधल्या गलबताच्या शब्दावरून, कारण कैद्यांना वल्ही मारायला बसवत.

मराठीनिष्ठ
म्हणूनच मी ‘बंदिशाला’ म्हणतो.

गिरगावकर
आणि तुरुंग काढून टाकायचा? चार शतकं वापरून तो आपला झालाय. शब्दाचं कूळ बघायचं की वापर?

भाषांतरवाली
पुढचा शब्द बघा ना. ‘एताप’. लेखात सगळ्यात अंगावर येणारा भाग हाच आहे. सिझोतून कलोनियात नेताना माणूस आठवडेच्या आठवडे गायब असतो. मी ‘रवानगी’ लिहिलंय, पण ‘येरवड्यात रवानगी’ म्हटलं की संध्याकाळी माणूस पोचलेला असतो.

व्होल्गाकाठ
रवानगी फारच छोटा शब्द पडतो. स्तलीपिन नावाच्या रेल्वे डब्यात नेतात. साध्या गाडीत चार जण झोपतात तेवढ्या कप्प्यात दहा-बारा माणसं सामानासकट. कप्प्याला खिडकी नाही, बोळाच्या बाजूला जाळी. संडासला पहारेकरी सोडेल तेव्हाच. डबा इतर गाड्यांना जोडत जोडत नेतात, मध्ये अनोळखी शहरातल्या तुरुंगात मुक्काम. कुठे नेताहेत ते कैद्यालाही सांगत नाहीत. घरच्यांना कळवायचं ते पोचल्यावर, त्यालाही दहा दिवसांची मुदत. डिसेंबर २०२३ मध्ये नवाल्नी असेच जवळजवळ तीन आठवडे कोणालाच सापडत नव्हते. २५ डिसेंबरला कळलं की खार्पला आहेत, उत्तर ध्रुववृत्तापलीकडे.

सोलापूरकर
‘चलान’ घ्या. अंदमानला कैद्यांची तुकडी जहाजावर चढवायचे तिला चलान म्हणत. ‘महाराजा’ बोटीवरून चलान जायचं. बेड्या, गर्दी, पुढे काय ते ठाऊक नाही, सगळं त्यात आहे.

माणदेशी
आज चलान म्हटलं की सिग्नल तोडल्याचा दंड. वाचक गोंधळेल.

सोलापूरकर
पहिल्यांदा ‘कैद्यांचं चलान’ लिहा, पुढे नुसतं चलान. वाचक एवढा कच्चा नसतो. शब्द मरतात ते आपण वापरत नाही म्हणून.

मराठीनिष्ठ
‘चलान’ही मराठी नव्हे. ‘बंदिप्रवास’.

वकीलबाई
प्रवास आपल्या मर्जीने करतात.

भाषांतरवाली
‘शिझो’ला (हा सिझोहून वेगळा शब्द) मी ‘अंधारकोठडी’ केलंय, ते तरी राहू दे.

व्होल्गाकाठ
नको. शिझोत अंधार नसतो, रात्रीसुद्धा दिवा पूर्ण मालवत नाहीत. ती कलोनियातली शिक्षेची कोठडी. पहाटे खाट भिंतीला उलटी टांगून कुलूप घालतात, रात्री झोपेच्या वेळीच खाली सोडतात. दिवसभर माणूस लोखंडी स्टुलावर नाहीतर उभा. भेट नाही, फोन नाही, पार्सल नाही. एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवस असा नियम आहे, पण बाहेर काढून लगेच पुन्हा घालायला कोणी अडवत नाही. नवाल्नींना २७ वेळा घातलं. कारणं काय, तर वरचं बटण लावलं नाही, असली. अंधार असता तर निदान डोळा लागला असता.

वकीलबाई
मग ‘शिक्षाकोठडी’. त्यात ‘भेट नाही’ आलं म्हणून विचारते, एरवी भेटीला काय म्हणतात?

व्होल्गाकाठ
‘स्विदानिये’. प्रेमिकांच्या भेटीलाही हाच शब्द. दोन प्रकार असतात. छोटी चार तासांपर्यंत, पहारेकऱ्यासमोर. लांब भेट तीन दिवसांपर्यंत, कलोनियाच्या आवारातच एका खोलीत. बायको, आई, मुलं येऊन राहतात, स्वयंपाक करतात. सर्वसाधारण कलोनियात वर्षाला सहा छोट्या आणि चार लांब.

वकीलबाई
तीन दिवस? आमच्याकडे जाळीपलीकडे काही मिनिटं मिळतात, दोन्हीकडून ओरडून बोलावं लागतं. भाषांतरवाली, हे गाळू नका. एवढ्या छळाच्या व्यवस्थेतही हा हक्क कायद्यात टिकून आहे, आणि तो आपल्याकडे मागायला हवा. ‘लांब मुलाकात’ लिहा.

मराठीनिष्ठ
‘भेट’ असताना ‘मुलाकात’ कशाला?

वकीलबाई
कारण तुरुंगाच्या दारात उन्हात रांग लावून उभ्या राहिलेल्या बायका मुलाकातच म्हणतात. त्यांना विचारून बदला.

गिरगावकर
मुलाकात अरबी, त्याच धातूवरून आपल्याकडे आणखी कोणते शब्द आलेत ते कोणाला माहीत आहे का? वेगळा धागा काढतो.