शब्दचर्चा: सबनेट ‘जाहीर करणे’, ‘जाहिरात करणे’ की आणखी काही?

तळटीप
मेश व्हीपीएनच्या, म्हणजे यंत्रं एकमेकांशी थेट आणि कूटबद्ध जोडणाऱ्या खासगी जाळ्याच्या, मांडणीवरची एक मार्गदर्शिका मराठीत आणण्याचं काम चालू आहे. असं जाळं उभारणारी दोन साधनं, टेलस्केल आणि साधं वायरगार्ड, दोन्ही त्यात आहेत. गाडं अडलंय ते एका वाक्यापाशी. सबनेट राउटर म्हणून ठेवलेलं यंत्र आपल्या मागचं १९२.१६८.४०.०/२४ हे सबनेट (स्थानिक जाळ्याचा पत्तागट) बाकीच्या नोडना, म्हणजे जाळ्यातल्या यंत्रांना, ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ करतं. पहिल्या खर्ड्यात ‘उपजालाची जाहिरात करते’ असं होतं, तपासणाऱ्यांनी ते ‘प्रसारित करते’ असं केलं. मला दोन्ही पटत नाहीत. ‘प्रसारित’ म्हटलं की ब्रॉडकास्ट (एकाच वेळी सगळ्यांना पाठवणं) डोळ्यांपुढे येतो, आणि तो याच विषयातला निराळा शब्द आहे: या सबनेटात १९२.१६८.४०.२५५ हा ब्रॉडकास्टचा पत्ता. तर काय लिहावं? जमल्यास ‘सबनेट राउटर’लाही शब्द सुचवा.

कानामात्रा
‘जाहीर करणे’ लिहावे. ‘जाहीर’ आणि ‘जाहिरात’ दोन्ही अरबी ‘ज़ाहिर’वरून, म्हणजे उघड, या शब्दापासून आले, पण जाहिरातीला आज माल खपवण्याचा वास आहे. निकाल जाहीर होतो, तसा मार्ग जाहीर होतो. राउटरला ‘मार्गक’ आणि सबनेट राउटरला ‘उपजाल-मार्गक’ म्हणावे.

चोविसावा बिट
‘जाहीर’ला माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. टेलस्केलमध्ये या कामाच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींना तीन वेगळी क्रियापदं लागतात. राउटरवर ‘टेलस्केल सेट’ला ‘अ‍ॅडव्हर्टाइज-राउट्स’ हा पर्याय देऊन सबनेट सांगायचं, हे जाहीर करणं. मग प्रशासकाने कन्सोलमध्ये (टेलस्केलच्या नियंत्रण-पानावर) तो मार्ग मंजूर करायचा. शेवटी प्रत्येक नोडने तो स्वीकारायचा. विंडोज, मॅकओएस, अँड्रॉइड, आयओएस हे आपोआप स्वीकारतात. लिनक्स स्वीकारत नाही, तिथे ‘अ‍ॅक्सेप्ट-राउट्स’ चालू करावं लागतं.

‘प्रसारित केला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की काम झालं. प्रत्यक्षात मंजुरी राहिलेली असते किंवा लिनक्सवरचा स्वीकार राहिलेला असतो, आणि तो फायरवॉल तपासत बसतो. जाहीर, मंजूर, स्वीकार या शब्दांचा क्रम वाचकाला आपोआप कळतो. चौथी गोष्ट वेगळीच: राउटर लिनक्स असेल तर आलेली पॅकेटं (डेटाचे तुकडे) पुढे पाठवण्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ची किंमत १ हवी. ती सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलीत लिहून ठेवावी, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ० होते आणि काल चालणारं आज बंद पडतं.

परतीची वाट
तळटीप, ‘जाहीर’चा प्रश्न तुलनेने सोपा आहे. वायरगार्डमधल्या ‘अलाउड आयपीज’चं, म्हणजे प्रत्येक पीअरपुढे (जोडलेल्या दुसऱ्या यंत्रापुढे) लिहायच्या पत्त्यांच्या यादीचं, तुम्ही काय केलंत?

तळटीप
‘अनुमत पत्ते’.

परतीची वाट
तो खरा घातक अनुवाद. ‘अनुमत’ वाचून सगळे ती आत येणाऱ्यांची यादी समजतात. तिची कामं दोन आहेत. बाहेर जाताना ती मार्गाचा तक्ता असते: पॅकेट ज्या पत्त्याला निघालं, तो ज्या पीअरच्या यादीत बसतो त्याच्या किल्लीने ते कूटबद्ध होतं. आत येताना ती गाळणी असते: उलगडलेल्या पॅकेटचा मूळ पत्ता त्याच पीअरच्या यादीत नसेल, तर ते टाकून दिलं जातं.

याचा परिणाम असा की एका इंटरफेसवर (यंत्राच्या एका नेटवर्क-जोडणीवर) तोच पत्तागट दोन पीअरना देता येत नाही. दोघांपुढे १९२.१६८.४०.०/२४ लिहिलंत तर तो शेवटी लिहिलेल्याकडे जातो, पहिल्याच्या यादीतून निघून जातो, आणि कुठे चूक दाखवली जात नाही. राखीव राउटर ठेवू म्हणून तीच ओळ दोनदा लिहिणारे इथेच अडकतात. मी ‘या पीअरमागचे पत्ते’ असं लिहीन. त्यात दोन्ही दिशा येतात.

कानामात्रा
‘या पीअरमागचे पत्ते’ हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. तक्त्यात, सूचीत, शीर्षकात ते कसे बसणार? संज्ञा आटोपशीर हवी. ‘पीअर’ तरी का ठेवावा? ‘समकक्ष’ आहे.

चोविसावा बिट
मराठीत काम करणारे सगळे ‘पीअर’, ‘सबनेट’, ‘राउट’ असंच बोलतात. ‘राउट टाकला का?’ असं विचारतात. ‘मार्गक’ लिहिलंत तर कंसात पुन्हा ‘राउटर’ द्यावा लागेल.

कानामात्रा
बोलण्यात चालते म्हणून लिहिण्यात शब्द घडवायचेच नाहीत काय? ‘संगणक’ही एकदा नवाच होता.

माग
मुळातच थोडं खणू या. ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातून आली. ‘मार्ग’पासून ‘माग’ आला, आणि ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे या धातूपासून ‘मागणे’. म्हणून ट्रेसराउट या तपासणीला ‘माग काढणे’ हा घरचा आणि नेमका शब्द आहे: पॅकेट कुठल्या टप्प्यावरून गेलं त्याचा माग. राउटिंगला काहीजण ‘मार्गण’ सुचवतात, पण संस्कृतात ‘मार्गण’चा एक अर्थ बाणही आहे. ‘मार्गिका’ तर नकोच. ती रस्त्यावरची लेन आहे.

‘उपजाल’लाही माझा विरोध आहे. मराठीत जाळं असतं, ‘जाल’ फक्त समासात येतं. आणि मेशला ‘जाळी’ म्हणणार असाल तर जाळीतलं उपजाळं, असा गुंता होईल.

परतीची वाट
‘वाट’ आली म्हणून सांगतो, ‘परतीची वाट’ ही संज्ञा मार्गदर्शिकेत नक्की घ्या. टेलस्केलचा सबनेट राउटर लिनक्सवर मूळ पत्ता बदलून स्वतःचा लावतो, म्हणून पलीकडच्या प्रिंटरला विनंती १९२.१६८.४०.१० या शेजाऱ्याकडून, म्हणजे राउटरकडूनच, आल्यासारखी दिसते आणि उत्तर बिनबोभाट परत येतं. नोंदींमध्ये खरा पत्ता हवा म्हणून ‘स्नॅट-सबनेट-राउट्स’ (हा पत्ता-बदल) बंद केलं की प्रिंटर १००.६४.०.०/१० या टेलस्केलच्या पत्तागटातल्या पत्त्याला उत्तर देऊ बघतो, ते मुख्य गेटवेकडे (लॅनमधून, म्हणजे स्थानिक जाळ्यातून, बाहेर नेणाऱ्या यंत्राकडे) जातं आणि तिथे हरवतं. तेव्हा त्या गेटवेवर १००.६४.०.०/१० साठी १९२.१६८.४०.१० कडे जाणारा स्थिर मार्ग लिहावा लागतो.

तपासायचं असेल तर राउटरच्या दोन्ही इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा. बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, आत आलेलं पॅकेट लॅनच्या बाजूने बाहेर पडताना दिसलं आणि उत्तर दिसलं नाही, तर दोष बहुधा परतीच्या वाटेत. बाहेरच पडलं नाही, तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फायरवॉल अडवतोय. हाताने मांडलेल्या वायरगार्डच्या यंत्रावर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर आधी फायरवॉलची फॉरवर्ड साखळी बघा. डॉकरने तिचं मूळ धोरण ‘ड्रॉप’ (टाकून द्या) करून ठेवलेलं असू शकतं.

तळटीप
हे सगळं घेते. पण ‘सबनेट राउटर’चं काय ठरलं?

माग
‘वेस’ कसा वाटतो? गावात येणाराजाणारा वेशीतून जातो. ‘सबनेटची वेस’.

चोविसावा बिट
वेस गेटवेसाठी चांगला, इथे नको. इथे राउटर मुख्य गेटवे नसतो, लॅनमधलं एक साधं यंत्र असतं, आणि त्यावरूनच गोंधळ होतात. उदाहरणार्थ, लॅनमध्येच बसलेल्या दुसऱ्या लिनक्स यंत्राने तोच /२४ मार्ग स्वीकारला, तर टेलस्केलचा मार्गांचा तक्ता ५२ मुख्य तक्त्याआधी पाहिला जातो. त्यामुळे शेजारच्या यंत्राकडे जाणारं पॅकेटही बोगद्यात शिरून राउटरमार्गे जातं. ‘आयपी राउट गेट’ या आज्ञेला शेजाऱ्याचा पत्ता देऊन पाहा. उत्तरात टेलस्केलचा इंटरफेस दिसला तर हेच झालंय. तिथे स्वीकार बंद करा, किंवा १९२.१६८.४०.०/२४ साठी मुख्य तक्ता बघायला सांगणारा, २५०० प्राधान्याचा नियम घाला.

कानामात्रा
‘टनेल’ला ‘बोगदा’ सर्वांनी विनातक्रार स्वीकारला, हे नोंदवून ठेवतो. म्हणजे मराठी शब्द चालतो. आता एमटीयूला, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या बाइटांच्या मर्यादेला, काय म्हणणार?

परतीची वाट
‘कमाल पॅकेट-लांबी’, आणि ती नीट समजवा. वायरगार्ड नेहमीच्या १५०० बाइटांमधून आपल्या वेष्टनाचे ८० वजा करून १४२० धरतो. खालची जोडणी पीपीपीओई (इंटरनेट-जोडणीचा एक प्रकार) असेल तर १४९२ मधून वजा करून १४१२ ठेवा. जास्त ठेवलीत तर लहान पिंग जातात, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल मध्येच थिजते. तपासायला तुकडे न करण्याच्या अटीसह १३९२ बाइटांचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटांचे शीर्षभाग मिळवले की १४२० होतात.

माग
शीर्षभाग? ‘हेडर’ला ‘मथळा’ का नको?

कानामात्रा
मथळा बातमीला. ‘शीर्ष’ पुरे.

चोविसावा बिट
हेडरच ठेवा.