हनोईत इंग्रजी शिकवतेय, मोठ्यांच्या बॅचमध्ये गप्पा थांबतच नाहीत

नौपाड्याची_पोर
नमस्कार मंडळी, मी मूळची ठाण्याची, ऑगस्टपासून व्हिएतनाममध्ये हनोईला एका सेंटरवर इंग्रजी शिकवते. १२० तासांचा टेफलचा (इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचा) ऑनलाइन कोर्स केला आणि आले. पोरांच्या बॅचेस ठीक चालल्यात, जीव खाते ती संध्याकाळी सातची मोठ्यांची बॅच (तुमच्याकडे तेव्हा साडेपाच, गोखले रोडला गर्दी व्हायला लागते ती वेळ). अठराजण आहेत, बँकेतले, हॉटेलच्या रिसेप्शनवरचे, एक दातांचे डॉक्टर. ऑफिस सुटलं की स्कूटरवरून येणार, हेल्मेट बाकाखाली सरकवणार आणि सुरू, ते पण व्हिएतनामीत. काल मी बोर्डवर प्रेझेंट परफेक्ट लिहितेय आणि मागच्या तिघी पेरूच्या फोडी तिखटमिठात बुडवून पास करतायत, एक फोड मलाही आली हो, आता यांच्यावर ओरडू कशी? मी २६ ची, डॉक्टर माझ्या बाबांच्या वयाचे. मागे एकदा आवाज चढवला तर सगळे चिडीचूप, आणि पुढचे दोन दिवस कोणी तोंडच उघडेना, ते तर त्याहून वाईट. काय करू?

ऐरोलीकर७७
सरळ सांगायचं, बोलायचं असेल तर बाहेर. फी भरली म्हणजे वर्ग विकत घेतला नाही.

वाशीचा_मास्तर
ऐरोलीकर, हे शाळेत चालतं हो. मोठा माणूस बाहेर गेला की परत येत नाही आणि सेंटरवाला ताईंनाच विचारणार की अॅडमिशन कमी का झाली.
ताई, मी अकरा वर्षं वाशीला स्पोकन इंग्लिश घेतोय, दुपारची बॅच, निम्मे एपीएमसीच्या भाजी मार्केटमधले. पहाटेपासून गाळ्यावर ओरडून आलेली माणसं, कुजबुजणं त्यांना जमतच नाही. मी पण पहिली दोन वर्षं डस्टर आपटून काढली. मग एकदा नीट कान देऊन ऐकलं तर निम्म्या गप्पा म्हणजे "काय म्हणाला रे सर? कुठलं पान?" चूक माझीच होती, मी सूचना देताना पाच वाक्यं बोलायचो. तुमच्याकडे भाषा कळत नाही म्हणून सगळं गप्पाच वाटत असेल. सूचना दोन वाक्यांत द्या, समजलं का असं विचारू नका (सगळे हो म्हणतात, आपणही म्हणतो), त्याऐवजी एकाला काय करायचंय ते सांगायला लावा. आणि कागद आधी वाटू नका, कागद हातात पडला की तुमचं कोण ऐकणार?
दुसरं म्हणजे बोलणाऱ्याला बोलायचंच काम द्या. दोघादोघांच्या जोड्या लावा, एकाच हॉटेल बिलाच्या दोन प्रती काढा, जोडीतल्या अ कडे काही आकडे खोडलेले, ब कडे दुसरे, एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारूनच भरायचं. शब्द आधी बोर्डवर द्या नाहीतर लगेच आपल्या भाषेत घसरतात. गोंगाट होतो, होऊ द्या. थांबवायचं असेल तेव्हा पुढे उभं राहून नुसता हात वर करायचा, बघेल तो हात वर करून गप्प बसतो, पहिल्या दिवशी वेळ लागतो.

घोडबंदर_रिटर्न
मी तिकडेच सायगॉनला (हो ची मिन्ह सिटी) दोन वर्षं होतो. तिकडे "तू-मी" असं कोरडं नसतं, वय बघून नातं लावतात, अगदी आपल्या दादा-ताई-काकांसारखं. तुम्हाला ते "को" म्हणत असतील, म्हणजे बाई, आणि आत्यासुद्धा. डॉक्टरांना "चू" म्हणून बघा, काका (सूर वर चढवायचा, तिकडे सूर बदलला की शब्दच बदलतो). त्यानंतर काम सांगितलं की ऐकतात. पण चारचौघांत कोणाची चूक काढू नका, तुमचे ते दोन मुके दिवस त्यामुळेच आले असणार. सुट्टीत बाजूला घेऊन बोला.
अजून एक, त्यांना शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळायची सवय असते, नाइस, नाइन, नाइट तिन्ही "नाइ" ऐकू येतात. सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांकडून मोठ्याने वदवून घ्या, दिवसभराची वाफही निघून जाते.

नौपाड्याची_पोर
थँक्यू सगळ्यांना!! बिलवालं आज केलं. डॉक्टरकाकांना "चू" म्हटलं तर सूर चुकला बहुतेक, अख्खा वर्ग हसला, पण मग तेच बाकीच्यांना शूऽऽ करत होते. पेरू चालूच आहे. एकच अडचण, आज सतराजण आले, जोडी जुळेना म्हणून मीच एकीबरोबर बसले आणि मागे परत व्हिएतनामी सुरू.

वाशीचा_मास्तर
तुम्ही बसू नका, तिघांचा एक गट करा, तिसऱ्याने फक्त ऐकून चुका टिपायच्या. त्या कामाला पेरूवाल्यांपैकी एकीला घ्या.