वारजेत राहतो, लेकीसाठी सेमी-इंग्रजी की सीबीएसई? सल्ला हवाय

वारजेकरीण
नमस्कार मंडळी. लेक पुढच्या जूनमध्ये नर्सरीला जाईल, सध्या सोसायटीतल्या प्लेग्रुपमध्ये धुडगूस घालते. आम्ही वारजे माळवाडीला. नवरा हिंजवडीला, मी शिवाजीनगरला, दोघं घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, सासूबाई घरी असतात म्हणून दुपारची चिंता नाही. पण घरात तीन पक्ष झालेत. नवऱ्याला बाणेरकडची सीबीएसई हवी (ऑफिसमधल्या सगळ्यांची पोरं तिकडेच), सासूबाई म्हणतात कर्वेनगर-कोथरूडला मराठी शाळेत सेमीला घाला, आणि मी मधल्यामध्ये. मी स्वतः साताऱ्याला मराठी शाळेत शिकले, कॉलेजात गेल्यावर इंग्रजीने घाम फोडला होता ते विसरले नाहीये, पण तरी... बजेट सगळं धरून वर्षाला लाखाच्या आत. ज्यांची मुलं आता तिसरी-चौथीत आहेत त्यांनी सांगा प्लीज. ओपन हाऊस बघून बघून डोकं गरगरलंय, सगळीकडे तीच रोबोटिक्स लॅब आणि तोच स्प्लॅश पूल.

चांदणीचौकवाला
आधी बस. बाकीचं मग बघू. वारजे ते बाणेर गुगल जे दाखवतं ते गाडी काढून थेट गेलात तर, स्कूलबस अतुलनगर, बावधन असं सगळीकडून पोरं गोळा करत जाते. आमचा मुलगा सगळ्यात आधी चढणारा, सव्वासहाला दात घासत उभा, दूध अर्ध्या झोपेत, आणि पावसाळ्यात हायवेला जरा काही झालं की घरी यायला दुपारचे अडीच. डबा अर्धा परत यायचा कारण मधल्या सुट्टीत भूक नाही आणि बसमध्ये खायला मनाई. तिसरीत शाळा बदलली, आता चालत जातो, संध्याकाळी ग्राउंडवर दिसतो तरी. तर अॅडमिशनच्या टेबलावर "बस आहे का" विचारू नका, बस सगळ्यांकडे असते. "आमचा स्टॉप जाताना कितवा, येताना कितवा" हे विचारा, आणि काउन्सेलरला नको, ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या माणसाला विचारा. बसमध्ये ताई असते का तेही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने काढलं होतं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. कितीतरी शाळा अजून सात-साडेसातला भरतात, कारण तीच बस दुसऱ्या फेरीला लागते. ते पण विचारून घ्या.

पेठेतली_बाई
सासूबाईंना माझं मत. मी शिक्षिका होते, आता निवृत्त, त्यामुळे बाजू घेतेय हे आधीच सांगते.

सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पण पहिलीपासून की पाचवीपासून हे शाळेगणिक वेगळं, ते नीट विचारा. आणि जमलं तर चौथी-पाचवीच्या गणिताच्या तासाला वर्गाबाहेर दोन मिनिटं उभ्या राहा. बाई "अगं न्यूमरेटर म्हणजे वरचा, आपला अंश, आता पोळीचे चार भाग केले तर" असं दोन्ही भाषांत ये-जा करत बोलत असतील तर डोळे झाकून घाला. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचून फळ्यावर उतरवून देत असतील तर ते सेमी नुसतं पाटीवर आहे.

जुन्या नावाला फार भुलू नका हो. न्यू इंग्लिश स्कूल १८८० ची, हुजूरपागा १८८४ ची, अभिमान मलाही आहे, पण तुमच्या मुलीला पहिलीला कोण शिकवणार हा प्रश्न त्याहून मोठा. अनुदानित शाळेत फी कमी असते पण शिक्षकांच्या जागा भरल्यात का ते विचारा, पवित्र पोर्टलवरची (सरकारची शिक्षक) भरती रखडली की एकेक बाई दोन-दोन वर्ग सांभाळतात. सेनापती बापट रस्त्यावरची अक्षरनंदन मराठी माध्यमाची आहे, हाताने करून शिकण्यावर भर, एकदा जाऊन बघाच. ज्ञान प्रबोधिनीची सदाशिव पेठेतली प्रशाला पाचवीपासून आणि परीक्षा देऊन, त्याचं टेन्शन आत्ता कशाला.

बदलीवाला
मराठी वगैरे सगळं मान्य, पण नवऱ्याची बेंगलोर-हैदराबादला बदली व्हायची शक्यता किती? असेल तर सीबीएसई बरं पडतं, तीच एनसीईआरटीची पुस्तकं. नसेल तर स्टेट बोर्डात काही कमी नाही. मराठी काय सीबीएसईलाही शिकावीच लागते, २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे. आता किती मनापासून शिकवतात ते सोडा, आमच्या शेजारच्या मुलाला एकोणपन्नास म्हटलं की तो विचारतो फॉर्टी नाईन ना.

कागद_दाखवा
हे कोणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो. फ्लेक्सवर "सीबीएसई पॅटर्न" किंवा "प्रस्तावित सीबीएसई" दिसलं की सावध. याचा अर्थ संलग्नता नाही, मिळेल तेव्हा मिळेल. संलग्नतेचा नंबर मागा आणि सीबीएसईच्या सारस पोर्टलवर टाकून बघा, कुठपर्यंतच्या इयत्तेला आहे आणि पत्ता कुठला आहे. नव्या शाखेला जुन्या शाखेचा नंबर सांगतात म्हणून पत्ता मुद्दाम बघायचा. शाळेचा ११ आकडी युडायस नंबर (सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक) पण घ्या.

फीचं म्हणाल तर २०११ चा फी कायदा आहे, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेली फी दोन वर्षं तीच राहायला हवी. तो मान्य फीचा कागद मागा, काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. टर्म फी, अॅक्टिव्हिटी, बस, युनिफॉर्म, पुस्तकं सगळं मिळून लाख होतात का ते बघा, नुसती ट्यूशन फी सांगतात. डोनेशन आणि मुलाची मुलाखत दोन्हीला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे.

वारजेकरीण
मुलाखत!! एका ठिकाणी "जस्ट इंटरॅक्शन" म्हणून लेकीला रंग विचारले, तिने त्या मॅडमना "तूच सांग" म्हटलं. मला हसू आवरेना.

बदलीची शक्यता नाही, फ्लॅटचं कर्ज आहे, कुठे जातोय. अजून एक, लेक नोव्हेंबरची आहे, ३१ डिसेंबरच्या नियमात बसते पण वर्गात सगळ्यात लहान पडेल. वर्ष थांबू का?

पेठेतली_बाई
थांबा. ३१ डिसेंबरला ३ पूर्ण असले की नर्सरी, ६ पूर्ण की पहिली, हा कमीत कमीचा नियम, घाई करायलाच हवी असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरची मुलं हुशार असतात पण लिहायला बसवलं की बोटं दुखतात, मग रडारड, मग घरी शिकवणी. तसंही केंद्रीय विद्यालय मनात असेल तर तिथे पहिलीसाठी ३१ मार्च धरतात.

सिंहगड_रोड
थोडं अवांतर, पण इथेच विचारते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला आरटीईतून चांगल्या शाळेत मिळेल का? त्यांना कोणीतरी सांगितलं की आता खासगी शाळा बंद केल्या त्यातून.

कागद_दाखवा
मिळू शकतं, फॉर्म जरूर भरा. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किमीच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता, तो मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के जागा गरीब-वंचित मुलांसाठी, ऑनलाइन फॉर्म, मग लॉटरी. उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत लागतं, वंचित घटकात असतील तर उत्पन्नाची अट नाही पण जातीचा दाखला हवा. भाड्याने राहत असतील तर भाडेकरार नोंदणी केलेला लागतो, साधा स्टँपपेपर चालत नाही, बहुतेकांचं तिथेच अडतं. आणि फॉर्म भरताना नकाशावर घराची पिन तुम्ही स्वतः लावून द्या, सायबर कॅफेवाला आपल्या दुकानाची लावतो. फी माफी आठवीपर्यंतच आहे, नववीला काय करायचं ते त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

सिंहगड_रोड
थँक्यू! दाखल्यासाठी उद्याच पाठवते त्यांना.

वारजेकरीण
बाणेर कटाप, नवऱ्याला बसचा पॅरा मोठ्याने वाचून दाखवला. कर्वेनगरमधल्या दोन शाळा बघायच्या ठरवल्यात, गणिताच्या तासाला जाते. पण बाई, वर्गाबाहेर उभं राहू देतात का हो शिपाईकाका?

पेठेतली_बाई
ऑफिसात सांगून जा. नाहीच म्हणाले तर मधल्या सुट्टीत पाचवीतल्या पोरांना गाठा, ती सगळं सांगतात.