विषय: कालचं डिबेट कोण जिंकलं?

प्रेषक: अविनाश
बुधवार, ११ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:१०

मंडळी,

काल घरोघरी गौरी आल्या आणि रात्री फिलाडेल्फियात तात्यांच्या (म्हणजे ट्रम्प यांच्या) विरुद्ध तिघं असा सामना झाला. तिघं म्हणजे कमला हॅरिस आणि एबीसीचे सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर व लिन्सी डेव्हिस. गर्भपात, गुन्हेगारीचे आकडे, २०२० चा निकाल, स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित खातात ती कुत्री-मांजरं, तात्यांनी काहीही म्हटलं की सूत्रसंचालकांची दुरुस्ती हजर. बाईंनी शार्लट्सव्हिलच्या मोर्चानंतरचं तात्यांचं तेच अर्धवट वाक्य (‘दोन्ही बाजूंना चांगली माणसं’) पुन्हा फेकलं, मोटारधंद्याबद्दल बोलताना आलेला ‘ब्लडबाथ’ संदर्भ तोडून वापरला. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

सोबत एक्सवरच्या एका मतकौलाचा फोटो जोडला आहे. किती मतं पडलीत आणि तात्या किती पुढे आहेत ते स्वतःच बघा. एवढ्या लोकांनी दिलेला कौल खोटा आणि सीएनएनने सहाशे जणांना विचारून काढलेला खरा, हे गणित कुणीतरी मला समजावून सांगा.

अविनाश

---

प्रेषक: शुभदा
बुधवार, ११ सप्टेंबर, सकाळी ८:०२

अविनाशकाका,

सीएनएन-एसएसआरएसचा कौल हॅरिस ६३, ट्रम्प ३७. जूनमध्ये बायडनबरोबरच्या अटलांटाच्या डिबेटनंतर याच कौलात तात्या ६७–३३ असे पुढे होते, आणि तो कौल मंडळाच्या या ईमेल-यादीवर तुम्हीच टाकला होतात. तेव्हा ५६५ मतदारांना विचारलं होतं, काल ६०५ जणांना. चाळीस माणसं वाढली म्हणून कौल खोटा झाला का?

आणि ‘तिघांविरुद्ध एक’ म्हणता, तर त्या एकाला सुमारे ४३ मिनिटं बोलायला मिळालं, हॅरिसना ३८ सुद्धा नाही. नाणेफेकही त्यांनीच जिंकली होती, शेवटचं भाषण त्यांनीच मागून घेतलं. ते कसं वापरलं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पेनसिल्व्हेनिया आता हातात आलं असं समजा. प्रचाराला हातभार लावायचा असेल त्यांच्यासाठी देणगीचा दुवा खाली देते आहे.

शुभदा

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, ११ सप्टेंबर, दुपारी १२:४०

काका, शुभदा,

पाहण्यांचे नमुने आणि वजनं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काकांनी मागितलेलं गणित. कितीजणांनी मत दिलं याला फारसा अर्थ नसतो, ती माणसं कशी गोळा झाली ते बघायचं. २८ ऑक्टोबर १९८० ला क्लीव्हलंडमध्ये कार्टर-रेगन डिबेट झालं. त्या रात्री एबीसीने पडद्यावर दोन फोन नंबर दिले, एक कार्टरचा, एक रेगनचा, दर कॉलला ५० सेंट. सुमारे सात लाख कॉल आले आणि रेगनना कार्टरच्या दुप्पट मतं पडली. मोजली गेली ती पदरचे पन्नास सेंट घालायला तयार असलेल्यांची, आणि एकाच माणसाने चारदा फोन फिरवला तर चार मतं. एक्सवरचा कौल ही त्याचीच फुकट आवृत्ती. ज्या खात्याने तो टाकला त्याचेच चाहते आधी बटण दाबतात, मग तो आपल्याच गोतावळ्यात पुढे ढकलतात. ते बटण पुण्यात बसूनही दाबता येतं. आणि हे खूळ एकाच पक्षाचं नाही. २००४ मध्ये बुश-केरी डिबेट संपताच बातम्यांच्या संकेतस्थळांवर जाऊन मतं द्या, असे ईमेल डेमोक्रॅटिक पक्षानेच आपल्या समर्थकांना पाठवले होते.

आता सीएनएनचा कौल. आधीच्या पाहणीत ‘मी डिबेट बघणार आहे’ असं सांगितलेल्या नोंदणीकृत मतदारांनाच ते संपल्यावर पुन्हा गाठून विचारतात. म्हणजे हा नमुना देशाचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. शुभदा, हे तू अलगद वगळलंस. बघणारे दर वेळी सारखे नसतात. या जूनमध्ये त्यांच्यात रिपब्लिकन थोडे जास्त होते. २०१६ च्या पहिल्या डिबेटनंतर त्यांच्या नमुन्यात ४१ टक्के डेमोक्रॅट होते आणि २६ टक्के रिपब्लिकन. क्लिंटनबाई ६२–२७ ने जिंकल्या खऱ्या, पण टीव्हीसमोर मुळात माणसंच त्यांची जास्त बसली होती. कौल हाती आला की मथळा सोडून आधी हा पक्षवार तक्ता शोधायचा. बहुधा शेवटच्या पानावर असतो.

त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती टक्के इकडेतिकडे असू शकतो ते, काल ±५.३ होती. ६०५ जणांचा साधा यादृच्छिक नमुना असता तर ती ४ च्या आसपास आली असती. वय, शिक्षण, वंश यांचं प्रमाण जुळवायला वजनं दिली की नमुन्याची ताकद घटते. इथे ६०५ माणसांचं बळ साधारण साडेतीनशेंवर आलं. शिवाय ±५.३ ही एकेका आकड्याला लागू. दोघांमधल्या अंतराला ती जवळजवळ दुप्पट धरायची, म्हणजे साडेदहा. कालचं अंतर २६ चं आहे. तेव्हा काका, बघणाऱ्यांना हॅरिस सरस वाटल्या एवढं पक्कं धरून चाला.

पण ‘सरस कोण’ आणि ‘मत कुणाला’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. कालच्याच कौलात हॅरिसच्या समर्थकांपैकी ९६ टक्के म्हणाले हॅरिस सरस, ट्रम्पच्या समर्थकांपैकी ६९ टक्के म्हणाले ट्रम्प सरस. तात्यांच्या बाजूच्या दहापैकी तिघांनी बाई वरचढ ठरल्याचं मान्य केलं, आणि तरीही ‘या डिबेटमुळे माझं मत बदललं’ असं सांगणारे एकूण फक्त ४ टक्के. गॅलपच्या कौलात २००४ चं पहिलं डिबेट केरींनी ५३–३७ ने जिंकलं, २०१२ चं डेन्व्हरचं रॉम्नींनी ७२–२० ने. दोघेही निवडणूक हरले. क्लिंटनबाईंचं सांगायलाच नको.

डेन्व्हरचं प्रकरण तर आमच्या धंद्यात धडा म्हणूनच शिकवतात. प्यू या संशोधन संस्थेच्या सप्टेंबरमधल्या कौलात ओबामा ५१–४३ ने पुढे होते. डिबेट झालं आणि पुढच्या कौलात रॉम्नी ४९–४५. तीनेक आठवड्यांत अंतरात बारा टक्क्यांची उलथापालथ! त्याच वर्षी संशोधकांचा एक गट एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरून त्याच लोकांना पुन्हापुन्हा विचारत होता, एकूण साडेसात लाखांच्या आसपास मुलाखती. त्यांच्याकडेही ओबामा कोसळलेले दिसले. पण उत्तरं देणाऱ्यांचा पक्ष आणि २००८ चं मत लक्षात घेऊन वजनं लावल्यावर बरीचशी घसरण विरून गेली. लोक बाजू बदलत नव्हते. ओबामांची माणसं खट्टू होऊन त्या आठवड्यात प्रश्नावलीच उघडत नव्हती, आणि रॉम्नींची मंडळी उत्साहाने सांगत सुटली होती. नोव्हेंबरमध्ये ओबामा सुमारे ४ टक्क्यांनी जिंकले.

म्हणून शुभदा, पुढच्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियाचा एखादा कौल हॅरिसना चार टक्क्यांनी पुढे दाखवेल तेव्हा पेढे वाटू नकोस. आधी मुलाखतींच्या तारखा बघ. ७ ते १२ सप्टेंबर असा पट्टा असेल तर बरीचशी उत्तरं डिबेटच्या आधीची आहेत. मग त्याच संस्थेचा ऑगस्टचा कौल काढ आणि फक्त त्याच्याशीच तुलना कर. दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ म्हणणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. मग नमुन्यात २०२० ला कुणाला मत दिलं हे विचारून वजन लावलंय का ते बघ. लावलं असेल तर त्या आठवड्याच्या उत्साहाचा फुगवटा बराच बसलेला असतो. नसेल तर दोन आठवडे थांब. या राज्यात २०२० चं अंतर ८० हजार मतांच्या आसपास होतं, साधारण सव्वा टक्का. एवढं बारीक अंतर पकडण्याइतकी नजर कुठल्याही एकट्या कौलाला नाही.

मिलिंद

---

प्रेषक: अविनाश
बुधवार, ११ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

मिलिंद,

नमुन्याचं समजलं, फोटो मागे घेतो. पण सूत्रसंचालकांचं तू सफाईने टाळलंस. आणि डिबेटने काहीच होत नसेल तर बायडन शर्यतीतून का गेले?

अविनाश

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, ११ सप्टेंबर, रात्री ९:३०

काका,

दुरुस्त्या एकतर्फी झाल्या हे खरं, आणि तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं योग्य आहेत. तपासायला त्यांना मिळालेली विधानं मात्र दोन्हीकडून सारख्या मापाची नव्हती. पाळीव प्राणी खाल्ल्याचा दावा म्युअरनी शहराच्या व्यवस्थापकाला विचारून ठेवला होता, त्याचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं. जूनमध्ये सीएनएनने आधीच सांगितलं होतं की सूत्रसंचालक चालू कार्यक्रमात तथ्य तपासणार नाहीत. तेव्हा टॅपर आणि बॅश गप्प का बसले म्हणून डेमोक्रॅट ओरडत होते, बायडनना सर्दी झाली होती हेही सांगत होते. आज नियम उलटा आहे आणि ओरडणारेही उलटे आहेत. पुढच्या वेळी डिबेटच्या आदल्या दिवशीच नियम वाचून आपली तक्रार लिहून ठेवा, तीच खरी.

बायडनांचं उत्तर सोपं आहे. अटलांटानंतर देशभरच्या कौलांत त्यांची घसरण दोनेक टक्क्यांचीच होती. मतदार जागचे हलले नाहीत. हलले ते पक्षाचे खासदार आणि मोठे देणगीदार. २७ जूनला डिबेट, २१ जुलैला माघार. डिबेट बघणाऱ्यांत एक छोटा वर्ग असा असतो की ज्याच्या हातात मतपत्रिकेपेक्षा जास्त काही असतं. काल रिपब्लिकन बाजूला असा वर्ग घाबरलेला दिसला नाही, त्यामुळे जूनसारखं काही घडणार नाही.

अजून एक. दुसऱ्या दिवसाच्या मथळ्यांना कमी लेखू नका. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कार्टरविरुद्धच्या डिबेटमध्ये फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री ज्यांना फोन केले त्यांना विशेष काही खटकलं नव्हतं. चोवीस तास ते वाक्य टीव्हीवर उगाळलं गेल्यावर विचारलेल्यांत कार्टर कितीतरी पुढे गेले. कालच्या दीड तासातलं काय उगाळलं जातंय ते तुम्हीच बघा. मला तरी सगळीकडे मांजरंच दिसतायत.

मिलिंद

---

प्रेषक: निखिल
बुधवार, ११ सप्टेंबर, रात्री १०:०५

हॅरिसबाईंच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या म्हणजे लपवलेला इअरफोन होता, असा व्हिडिओ तीन ग्रुपवर आलाय. दुसरं, सीएनएनवर खाली मतदारांची वर-खाली होणारी रेघ असते ती किती भरवशाची?

---

प्रेषक: शुभदा
बुधवार, ११ सप्टेंबर, रात्री १०:२०

निखिल, २००४ मध्ये बुशच्या कोटाच्या पाठीवर फुगवटा दिसला तेव्हा आमच्या बाजूचे लोक शपथेवर सांगत होते की ते बिनतारी यंत्र आहे. निष्पन्न काही झालं नाही. कुड्यांचंही तेच होणार. पुढे पाठवू नकोस.

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, ११ सप्टेंबर, रात्री १०:४५

रेघ काढतात ती बहुधा एका खोलीत बसवलेल्या काही डझन माणसांच्या हातातल्या बटणांवरून. एवढ्या थोड्यांवर काहीही बेतू नये. त्यात ती बघणाऱ्याला ओढते. ब्रिटनमध्ये २०१० च्या नेत्यांच्या डिबेटवर संशोधकांनी मुद्दाम बनावट रेघ दाखवली, काहींना एका नेत्याच्या बाजूने झुकलेली, काहींना दुसऱ्याच्या. ज्याच्याकडे रेघ झुकली तोच जिंकला असं प्रेक्षकांना वाटलं. डिबेट बघताना पडद्याच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टी लावा, गंमत नाही करत.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, १२ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मंडळी,

चर्चा सभ्य चालली आहे, तरी मधे पडावं लागतंय. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचारात भाग घेता येत नाही, तिथे ‘थोडासा चालतो’ असं काही नाही. उल्लंघन झालं तर करसवलत जाऊ शकते; शिवाय त्यावर झालेल्या खर्चाच्या १० टक्के कर संस्थेवर आणि जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या पदाधिकाऱ्यावर वेगळा २.५ टक्के. सभासद म्हणून तुमचं मत तुमचंच. पण ही यादी मंडळाच्या पत्त्यावरून जाते आणि वर मंडळाचं बोधचिन्ह आहे.

म्हणून शुभदाताईंचा देणगीचा दुवा संग्रहातून काढला आहे. तो प्रत्येकाच्या उपयोगाचा नाही याचंही कारण ऐका: एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्यांनी प्रचाराला पैसे देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. यादीवर तिन्ही प्रकारची माणसं आहेत. कौल कसे वाचावेत यावरचं मिलिंदचं पत्र राहू देते, त्यात उमेदवाराची भलामण नाही.

---

प्रेषक: शुभदा
गुरुवार, १२ सप्टेंबर, सकाळी ७:३०

दुव्याचं मान्य. मग शनिवारी गणपतीच्या कार्यक्रमात मतदार नोंदणीचं टेबल लावायचं ठरलं होतं, तेही रद्द का?

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, १२ सप्टेंबर, सकाळी ८:१५

टेबल राहील, नोंदणी पक्षनिरपेक्ष असेल तर चालते. टेबलावर बसणाऱ्यांच्या अंगावर उमेदवाराची टोपी, बिल्ला, टी-शर्ट नको. ‘मत कुणाला देणार?’ हे विचारायचं नाही, आणि विरुद्ध बाजूचा वाटला म्हणून कुणाला टाळायचंही नाही. अर्ज ज्याचा त्याने फोनवरून भरावा. पेनसिल्व्हेनियाचा वाहन परवाना क्रमांक लागतो, तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. मतदानाच्या दिवशी वय १८ हवं, आणि नागरिकत्व किमान एक महिना आधी मिळालेलं हवं. ग्रीन कार्डवाल्यांना आग्रह करकरून बसवू नका, चुकून जरी नोंदणी झाली तरी पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ती नडते आणि हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. शेवटची तारीख २१ ऑक्टोबर.

अविनाशकाका आणि शुभदाताई, १२ ते २ ची पाळी तुमच्या दोघांची लावली आहे.