नाशिकपुरता ‘उपनगर’ला दुसरा शब्द सुचवा

गोदाकाठ:
शहराच्या फेरफटक्यावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. बाहेरच्या भागांना आपापला स्वभाव असतो, अशा अर्थाच्या मजकुरासाठी मी ‘नाशिकच्या उपनगरांचा स्वतंत्र बाज’ असं लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी पेन्सिलीने गोल करून पाठवलं: “उपनगर एकच आहे. नेहरूनगरशेजारचं.” नाशिककराच्या कानाला ते तसंच लागतं. रिक्षावाल्याला ‘उपनगर’ म्हटलं की तो सरळ पुणे रोडला लागतो आणि नाक्यावर सोडतो. उपनगर पोलीस ठाणंही तिथलंच. मग सातपूर, सिडको, नाशिकरोड, इंदिरानगर, म्हसरूळ या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? आणि ‘बाज’ राहू दे, की ‘तोंडवळा’ बरा?

मूळनगर:
शाखानगर. अमरकोशात मूळ नगराहून वेगळं जे पुर ते शाखानगर, अशी सरळ व्याख्या आहे. ‘उप’ लावलं की दुय्यमपणा येतोच. उपमहापौर घ्या, उपअभियंता घ्या. शाखेला ती बाधा नाही. जुना, नेमका शब्द हाताशी असताना आपण तो वापरत नाही याचं वाईट वाटतं.

सिडकोकर:
दादा, शाखा म्हटलं की लोकांना बँक आठवेल. आणि ‘उप’ म्हणजे दुय्यमच असं कुठाय? दारणा ही गोदावरीची उपनदी. नाशिकरोडला चेहेडीहून तिचंच पाणी येतं, तिला तिथे कोण कमी लेखतं? उपनिषद, उपवास यांत ‘उप’ म्हणजे जवळ.

मूळनगर:
उपवासातलं ‘जवळ राहणं’ आज कुणाच्या कानी पडतं? लोकांना साबुदाणाच आठवतो.

सिडकोकर:
मग शाखानगरालाही हाच न्याय लावा ना. कोशात आहे, पण तोंडात कुणाच्या आहे?

स्टेशनपलीकडे:
नाशिकरोडला यात ओढू नका, आम्ही कुणाचं उपनगर नव्हतोच. 1982 साली महापालिका झाली तोवर नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती. आमच्या घरात अजूनही शालिमारला जायचं असलं तरी ‘नाशिकला जाऊन येते’ असंच म्हणतात. पंचवटीची मावशी यावर दरवेळी चिडायची, “मग तुम्ही काय मनमाडला राहता?” पण ते हेटाळणीने म्हटलेलं नसतं. मध्ये खरंच मोकळं रान होतं, आणि गावातून स्टेशनवर यायला एके काळी घोड्यांची ट्राम होती. बाज म्हणाल तर तो प्रेसचा. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नोटांचा आणि टपाल तिकिटांचा छापखाना. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं म्हटलं की सोयरिकीचं बोलणं पुढे सरकायचं, पुढचा चहा आतून आपोआप यायचा. हा अर्थ पंचवटीत समजावून सांगावा लागतो. स्वतंत्र स्वभाव याला नाही म्हणायचं तर कशाला?

तिवंध्याची:
छापखाना सरकारने आणला, त्यात गावाचा स्वभाव कुठे आला? रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी उघडतात. वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला तो दगडी हौद, त्यातलं रंगाचं पाणी, पूजा झाल्यावर पहिली उडी घेण्याचा मान ठरलेल्या घराचा. कॉलनीतली माणसंही त्या दिवशी गावात येतात. बाज याला म्हणतात. बाहेरच्या भागांत आहेत त्या सोयी. त्यांना ‘वसाहती’ म्हणा, वाद संपला.

सिडकोकर:
ताई, रहाडीबद्दल आदर आहे, मीही उडी मारलेली आहे. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी संध्याकाळी पवननगरला या. घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसलेली असते, गल्लीत अहिराणी गाणी, रोटांचा वास. सोमवारी बाया डोक्यावर कानबाई घेऊन नाचत विसर्जनाला निघतात. धुळ्या-जळगावाकडून कामाला आलेल्या माणसांनी हे आणलं. आणलेलं म्हणून परकं ठरवायचं का? गांधीनगरची रामलीलाही छापखान्याच्या वसाहतीत वाढली, आणि आज ती नाशिकचीच आहे. ‘वसाहत’ म्हटलं की क्वार्टरच्या रांगा दिसतात, माणसं दिसत नाहीत. महापालिका आमच्या विभागाला ‘नवीन नाशिक’ म्हणते, पण बोलताना तसं म्हणणारा मला भेटलेला नाही. सिडको हे घरं बांधणाऱ्या सरकारी मंडळाचं लघुरूप असलं तरी सिडकोत, सिडकोचा, सिडकोकर असं चालवून आम्ही ते मराठी करून घेतलं.

मूळनगर:
मान्य नाही. लघुरूपाला विभक्ती लावली म्हणून शब्द मराठी होत नाही. ‘नवीन नाशिक’ला संधीच दिली गेली नाही.

कॅम्पातला:
देवळाली कॅम्पचं काय? आमचा कारभार कँटोन्मेंटकडे, महापालिकेत आम्ही नाहीच. पण इंग्रज सोल्जरांनी आमच्या गावाच्या नावावरून ‘डूलाली’ हा डोकं फिरलेल्या माणसाचा शब्द केला. असा मान नाशिकच्या दुसऱ्या कुठल्या भागाला आहे? आणि बाज म्हणजे बाळंतिणीची खाट ना?

गोदाकाठ:
ती बाज, हा बाज. लिंग वेगळं आहे. पण तुमच्या बोलण्यावरून वाटतंय की ‘वळण’ घ्यावं. अक्षराला वळण असतं, घराला असतं, आणि ते कुणीतरी लावलेलं असतं. इथे ते छापखान्याने, कारखान्यांनी, खानदेशातून आलेल्यांनी लावलं. तिवंध्याच्या ताईंचा आक्षेपही त्यात मावतो. राहिला पहिला शब्द. ‘बाहेरची नाशिकं’ असं अनेकवचन केलं तर?

तिवंध्याची:
नाशिक एकच आहे. अनेकवचन अजिबात करू नका.

मूळनगर:
नवशिखा, म्हणजे नऊ टेकड्या, यावरून नाशिक असंही सांगतात. म्हणजे अनेकवचन मुळातच आहे.

सिडकोकर:
शूर्पणखेच्या नाकावरूनही सांगतात, आणि नाक एकच होतं. गोदाकाठताई, सरळ नावं लिहा. ‘सातपूर, सिडको, नाशिकरोड यांचं आपापलं वळण’. एकत्र नाव हवंच कशाला?

गोदाकाठ:
कारण ते प्रकरणाचं शीर्षक आहे, आणि ओळ लहान आहे. बरं, नाशिकरोड जोडून की तोडून?

स्टेशनपलीकडे:
जोडून. तोडून लिहिलंत तर पुण्याच्या माणसाला भोसरीकडून येणारा रस्ता वाटेल.

कॅम्पातला:
पण स्टेशनच्या पाटीवर तोडून आहे.